परक्या शिवेतले दगड : व्हॉट्सअॅपवरच्या इतिहासप्रेमी मंडळींना खुले पत्र

मंडळी, सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात एकच मजकूर माझ्या फोनवर चार वेळा आला. एकदा शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर, एकदा सोसायटीच्या, एकदा भाचीकडून आणि चौथ्यांदा आमच्या दादांकडून, खाली हात जोडलेल्या सहा इमोजींसकट. फोटोत अंधाऱ्या दालनात उभे केलेले करडे दगड, वरचं टोक गोलसर. मजकुराचा सारांश असा, की इटलीतल्या लिगुरिया भागात पाच हजार वर्षांपूर्वीची शिवलिंगं सापडली आहेत; लिगुरिया हे नावच 'लिंग'वरून पडलंय; शेजारच्या लुनिजाना खोऱ्याचं मूळ नाव 'लिंगायन'; तिथल्या एका डोंगरावर हजारो नंदी कोरलेत; आणि युरोपातल्या विद्वानांनी हे सगळं दाबून ठेवलंय. शेवटी नेहमीचं, खरा अभिमानी असशील तर पुढे पाठव.

मी पुढे पाठवलं नाही. दादांना फोन करून समजवायला गेलो तर ते म्हणाले, "तू काय तिथे जाऊन बघितलंस का?"

आता गंमत अशी, की बघितलंय. मुलगी पार्माला शिकते. मागच्या जूनमध्ये तिच्याकडे होतो. पार्माहून ला स्पेत्सियाला जाणारी गाडी बोगद्यातून आपेनाइन डोंगर ओलांडते आणि पलीकडे उतरली की थोड्याच वेळात पोंत्रेमोली येतं. तुमच्या फोटोतले दगड त्या गावात आहेत. मी त्यांच्यासमोर पाऊण तास बसलो होतो, मुलगी कंटाळून बाहेर गेली तरी.

फोनवर सांगून झालं नाही म्हणून हे पत्र. दादांना, मजकूर लिहिणाऱ्यांना आणि पुढे ढकलणाऱ्यांनाही. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. तीस वर्षं भूकरमापक होतो, लोकांच्या भाषेत मोजणीवाला. साखळी ओढण्यापासून सुरुवात केली, निवृत्त झालो तेव्हा हातात जीपीएसचं यंत्र होतं. दगड हा माझ्या धंद्याचा विषय. तो कोणी रोवला, कशासाठी रोवला, मध्ये कोणी हलवला का, हे बघण्यातच नोकरी गेली. त्या नजरेने जे दिसलं ते सांगतो.

पोंत्रेमोलीच्या डोक्यावर पियान्यारो नावाचा किल्ला आहे. त्या भागात वालुकाश्माच्या फरश्या निघतात, घरांची छपरंही त्यांचीच. या फरश्यांना तिकडे 'पियान्ये' म्हणतात, त्यावरून किल्ल्याचं नाव. आउगुस्तो चेझारे आम्ब्रोसी नावाच्या अभ्यासकाने आयुष्य घालून खोऱ्यातले हे दगड हुडकले आणि १९७५ साली या किल्ल्यात त्यांचं संग्रहालय उभं राहिलं. तिकडे त्यांना 'स्तातुए स्तेले' म्हणतात, आपण मूर्तिशिळा म्हणू. माग्रा नदीच्या या खोऱ्यात, म्हणजे लुनिजानात, आजवर ऐंशीहून जास्त मूर्तिशिळा सापडल्या. नांगराला लागलेल्या, चेस्टनटच्या रानात पुरलेल्या, घराच्या आणि चर्चच्या भिंतीत दगड म्हणून बसवलेल्या. दाबून ठेवणं दूरच, तिकीट काढून कोणालाही बघता येतात.

फोटोत जे गोल टोक दिसतं ते डोकं आहे. मजकूर बनवणाऱ्याने फोटो इतका बारीक केला की खालचं काही दिसू नये. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. प्रत्यक्षात त्या डोक्यावर इंग्रजी यू अक्षरासारखा चेहरा आहे, बारीक डोळे, नाकाची उभी पट्टी. तोंड बहुधा कोरलेलंच नाही. खाली खांद्याची आडवी रेघ, दोन्ही बाजूंनी खाली येणारे हात आणि सरळ पसरलेली बोटं. काही शिळांवर दोन छोटे गोल स्तन आहेत, एखादीच्या गळ्यात माळ आहे. काहींच्या पोटाशी खंजीर आहे, त्रिकोणी पात्याचा, अर्धचंद्राकृती मुठीचा. काहींवर यातलं काहीच नाही. सगळ्यात जुन्या शिळांत डोकं आणि धड वेगळं नाही, दगडाचं वरचं टोक हाच माथा. दुसऱ्या तऱ्हेत मान दिसते आणि डोकं आडव्या अर्धचंद्रासारखं रुंद होतं. इटालियन लोकांना त्यात त्यांच्या काराबिनिएरी पोलिसाची टोपी दिसते. बघा, ज्याला जे ओळखीचं ते दिसतं.

शिवलिंग म्हणायचं तर हाताची बोटं कुठून आली, दादा?

खंजिरांचं मोल फार आहे. अशाच घाटाचे खरे तांब्याचे खंजीर उत्तर इटलीतल्या रेमेदेल्लो इथल्या दफनांत सापडले. त्यावरून या शिळा ताम्रयुगातल्या, इ.स.पू. चौथ्या-तिसऱ्या सहस्रकातल्या ठरतात. म्हणजे तुमचा पाच हजारांचा आकडा बरोबर आहे. एवढं एक मी मोकळेपणी कबूल करतो. त्यानंतर मोठा खंड पडतो आणि लोहयुगात, इ.स.पू. सातव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराला, पुन्हा शिळा उभ्या राहतात. आता कोरीव काम अधिक उठावाचं, हातात कुऱ्हाड आणि भाले, काहींवर एत्रुस्कन, म्हणजे रोमच्या आधीच्या मध्य इटलीतल्या लोकांच्या, लिपीतली अक्षरं. काही जुन्याच शिळा या काळात नव्याने कोरून घेतल्या. आपल्याकडे जुन्या वीरगळाची पायरी होते, इथे जुन्या पुरुषाला नवं हत्यार मिळालं.

म्हणून 'लिगुरियन लोकांचे दगड' म्हणतानाही जरा अडखळायला हवं. ग्रीक आणि रोमन लेखकांनी ज्यांना लिगुरियन म्हटलं, ते लोहयुगातले डोंगरी लोक. ताम्रयुगातल्या शिळा उभारणारे स्वतःला काय म्हणत होते, हे सांगणारं एक अक्षरही नाही. तिथले स्थानिक अभिमानी तर सरसकट सगळंच लिगुरियन करून टाकतात. तुम्ही एकटे नाही.

आता माझी एक गोष्ट. नोकरीच्या सातव्या-आठव्या वर्षातली. तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात तिथला जुना दगड नांगरटीत निघून गेला होता. नकाशावरून जागा काढली, तिन्ही गावचे पाटील समोर उभे केले, पंचनामा केला आणि नवा दगड रोवला. दगड मीच ओढ्यातून निवडला होता, मांडीएवढ्या उंचीचा, डोक्याला गोलसर. तीन वर्षांनी शेजारच्या गटाची मोजणी निघाली म्हणून त्या बाजूला गेलो, तर दगडाला शेंदूर! पुढ्यात करवंट्या, दोन लिंबं, विझलेली पणती. बांधावर बसलेल्या म्हाताऱ्याला विचारलं, बाबा, हे काय? तो म्हणाला, "म्हसोबा हाय. लई जुना. आमच्या पंज्याच्या आधीचा."

मी त्याला काही बोललो नाही. खाली बसून टेप लावला, दगड जागचा हलला नव्हता. त्याचा म्हसोबा त्याच्यापुरता खरा होता, मी नमस्कारही केला. पण मोजणीच्या कागदावर मी काय लिहिलं असेल ते तुम्हीच सांगा.

तीन वर्षांत दगडाचा देव होतो आणि पणजोबाच्या आधीचा होतो. मग पाच हजार वर्षांत काय काय झालं असेल? लुनिजानात नेमकं काय झालं त्याचे काही पुरावे शिल्लक आहेत, आणि तुमच्या मजकुरापेक्षा ते फार रंजक आहेत.

फिलात्तिएरा म्हणून एक गाव आहे, पोंत्रेमोलीच्या खालच्या अंगाला. तिथल्या सान जॉर्जोच्या छोट्या चर्चमध्ये आठव्या शतकातला लॅटिन लेख आहे, एका ख्रिस्ती सत्पुरुषाच्या मृत्यूनंतर कोरलेला. त्याच्या पुण्यकर्मांत एक हेही नोंदवलंय, की त्याने इथे परधर्मीयांच्या नाना मूर्ती फोडल्या. त्या मूर्ती म्हणजे याच शिळा असाव्यात असा अभ्यासकांचा कयास आहे, कारण याच गावाजवळ सोरानोच्या जुन्या चर्चपाशी अनेक शिळा मिळाल्या. डोकं उडवलेल्या शिळा संग्रहालयात बऱ्याच आहेत. म्हणजे ताम्रयुगात रोवलेल्या दगडांची कोणाला तरी आठव्या शतकातही भीती वाटत होती, किंवा त्यांच्यापुढे कोणीतरी अजून दिवा लावत होतं. नाहीतर फोडण्याचं पुण्य कशाला लागलं असतं?

सगळ्या फुटल्या मात्र नाहीत. पोंतेवेक्कियो इथे १९०५ साली चेस्टनटच्या रानात नऊ शिळा एका ओळीत सापडल्या. नऊच्या नऊ. त्या आज ला स्पेत्सियाच्या किल्ल्यातल्या संग्रहालयात आहेत. या नऊ जणांमुळे एक कळतं, की शिळा एकेकट्या नव्हत्या, त्यांची रांग होती. बायका, पुरुष, लहान, मोठे. डोंगरातल्या वाटेवरून जाणाऱ्याला ही माणसं उभी दिसत असणार. देव होते, पूर्वज होते की त्या भागावर हक्क सांगणारं कूळ होतं, यावर वाद चालू आहेत. माझा कल पूर्वजांकडे आहे. पण तो माझा कल. त्यासाठी मी कोणाला हात जोडलेल्या इमोजी पाठवणार नाही.

एक गोष्ट मात्र तिथे बसल्याबसल्या डोक्यात आली. खोऱ्याच्या तोंडाशी काराराचे संगमरवरी डोंगर आहेत, जूनमध्येही बर्फ पडल्यासारखे पांढरे. या माणसांनी मात्र आपल्या पायाखालचा करडा वालुकाश्म घेतला. संगमरवराच्या खाणी रोमन लोकांनी चालवल्या, लुना नावाची वसाहत वसवून. लुना, पुढे लुनी. आणि लुनीच्या आसपासचा मुलूख तो लुनिजाना. 'लिंगायन' नाही. ती वसाहत इ.स.पू. १७७ ची, आणि ती का वसवली गेली हे कळलं की मजकूर पुढे ढकलणारा हात जरा थांबेल असं मला वाटतं.

त्या डोंगरात आपुआनी नावाचे लिगुरियन राहत होते. रोमला ते सहज आवरले नाहीत. इ.स.पू. १८६ मध्ये त्यांनी एका रोमन कॉन्सलच्या, म्हणजे रोमच्या सर्वोच्च अधिकाऱ्याच्या, फौजेला रानातल्या खिंडीत गाठून चार हजार सैनिक मारले. त्या रानाला पुढे त्या हरलेल्या कॉन्सलचंच नाव पडलं. सहा वर्षांनी, इ.स.पू. १८० मध्ये, रोमने वेगळाच उपाय काढला. माणसंच उचलायची. बायकामुलांसह सुमारे चाळीस हजार लोक डोंगरातून खाली आणले आणि दक्षिण इटलीत, बेनेवेंतोच्या बाजूला, नेऊन वसवले. खर्च सरकारी, नव्या जागेत संसार मांडायला पैसेही दिले. हे रोमचाच इतिहासकार लिव्ही लिहितो. आणि तोच हेही लिहून ठेवतो, की आपुआनींनी पुन्हा पुन्हा माणसं पाठवून विनवणी केली : आमचे घरचे देव, जन्माची जागा आणि वाडवडिलांच्या समाध्या सोडायला लावू नका.

ही ओळ मी पार्माच्या घरी रात्री मुलीच्या लॅपटॉपवर वाचली आणि उठून गॅलरीत गेलो. धरणाखाली जाणाऱ्या गावांच्या मोजणीला मी दोन वर्षं होतो. लोक कौलं आणि दारं काढून नेत, पण सगळ्यात आधी बांधले जात ते देव्हाऱ्यातले टाक. एका म्हातारीने शेतातल्या वीराचा दगड बैलगाडीत घालून नेला होता. दगडाचा सरकारी मोबदला नव्हता, त्यामुळे माझ्या तक्त्यात त्याच्यासाठी रकानाच नव्हता.

आपुआनींना दगड नेता आले नाहीत. जवळजवळ तीनशे वर्षांनंतरही त्यांच्या वंशजांना दक्षिणेत लिगुरियनच म्हणत होते. ज्या दोन अधिकाऱ्यांनी त्यांना हलवलं, त्यांची नावं या लोकांच्या नावाला जोडून. इ.स. १०१ चा एक कांस्यपत्रा आहे, त्यात 'लिगुरेस बेबियानी', म्हणजे त्या दोघांतल्या बेबियसचे लिगुरियन, असं सरळ लिहिलंय. हाकलणाऱ्याचं नाव आडनावासारखं चिकटलं. आता त्यांनी मागे सोडलेल्या दगडांवरही आपण आपलंच नाव टाकायचं? आमच्या खात्यात याला अतिक्रमण म्हणतात. रात्रीतून बांध दोन फूट सरकवणारा शेजारी जे करतो तेच.

आता तुम्हाला एक दस्त दाखवतो, ज्यासाठी मी जेनोवाच्या पेल्यी भागातल्या संग्रहालयात मुद्दाम गेलो. मुलगी म्हणाली, बाबा, जेनोवात मत्स्यालय आहे, मी म्हटलं, तू जा. लहानसा कांस्यपत्रा, टेबलावरच्या वर्तमानपत्राएवढा, त्यावर ४६ ओळी. जेनोवाच्या मागच्या पोल्चेवेरा खोऱ्यात तो १५०६ साली सापडला. मजकूर इ.स.पू. ११७ चा आहे. जेनोवाचे लोक आणि डोंगरातले लांगेन्सेस नावाचे लिगुरियन यांचा शिवेचा वाद झाला. रोमच्या सेनेटने मिनुचियस आडनावाचे दोन भाऊ पंच नेमले. आणि या दोघांनी काय केलं? रोममध्ये बसून निकाल दिला नाही. जागेवर गेले, शीव फिरले, हद्दीचे दगड रोवायला लावले, आणि मग पक्षकारांना रोमला बोलावून १३ डिसेंबरला निकाल वाचला.

मी त्या काचेसमोर उभा राहून मुलीने पाठवलेलं भाषांतर वाचत होतो, आणि खरं सांगतो, अंगावर काटा आला. सगळं आपल्या हद्दीच्या टिपणासारखं! अमुक ओहोळ तमुक नदीला मिळतो तिथून सुरुवात, तिथे दगड. मग नदीच्या वरच्या अंगाला, मग डोंगराच्या धारेने, मग पोस्तुमिया नावाच्या रोमन रस्त्याच्या या बाजूला एक दगड, ओलांडून दुसऱ्या बाजूला एक दगड. ओढ्यांची नावं बघा : विनेलास्का, नेवियास्का, वेराग्लास्का, तुलेलास्का. ही खरी लिगुरियन भाषेची खूण, शेवटी 'अस्का'. डोंगर : तुलेदो, बोप्लो, योवेंतियो. लॅटिन दस्तात परक्या भाषेतली नावं तशीच ठेवली, कारण शीव ठरवताना नाव बदलून चालत नाही. उद्या ओढा कुठला यावर पुन्हा भांडण. पुढे देण्याघेण्याचं : लांगेन्सेसनी जेनोवाला दरसाल ४०० व्हिक्टोरियाती नाणी द्यायची, नाही दिली तर धान्याचा विसावा आणि द्राक्षमद्याचा सहावा हिस्सा. गवताच्या कुरणांचं वेगळं. या वादापायी तुरुंगात गेलेल्यांना सोडून द्यायचं, असंही शेवटी आहे.

आमच्या तालुक्यातल्या शिवेच्या भांडणाचा एकही निकाल इतका स्वच्छ लिहिलेला मी पाहिला नाही. आपल्याकडचे मध्ययुगीन गधेगळ आठवतात, त्यावर जमिनीचं दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी कोरलेली असते. या पत्र्यावर शिवी नाही, दर आहे. रोमन लोकांचा स्वभाव.

मंडळी, लिगुरियन लोकांच्या भूमीत दगड म्हणजे काय होतं, हे या पत्र्यातून थोडं कळतं. दगड, ओढा, धार आणि रस्ता, यांची मिळून एक जागा होत असे आणि प्रत्येकीला नाव असे. पवित्र जागाही अशाच. किनाऱ्यालगतच्या रोमन रस्त्यावर आजच्या दियानोच्या बाजूला एक मुक्काम होता, 'लुकुस बोर्मानी', म्हणजे बोर्मानुस देवाची राई. देवराईच. रोमन आले, रस्ता झाला, पण मुक्कामाच्या नावात देव राहिला.

तुमच्या हजारो नंदींवर येतो. तो डोंगर म्हणजे आल्प्समधला मोंत बेगो, २,८७२ मीटर उंचीचा. तिथे मी गेलो नाही, गुडघ्यांनी परवानगी दिली नाही. दोन हजार मीटरच्या वर, हिमनद्यांनी घासून गुळगुळीत केलेल्या खडकांवर हजारो आकृत्या ठोकून काढल्या आहेत, आणि त्यांत सर्वात जास्त संख्या शिंगवाल्या जनावरांची. इतकं तुमचं बरोबर. पण त्यातल्या काही जोड्यांना नांगर जोडलेला आहे, दादा! जोखड आहे, मागे माणूस आहे. शेजारी खंजीर आणि लांब दांड्याच्या कुऱ्हाडी आहेत. आपल्याकडे पोळ्याला बैल पुजतो म्हणून प्रत्येक बैल नंदी होत नाही. तो नांगराचाही असतो, आणि नांगराचा बैल कोरायला कोणी उन्हाळ्यात इतकी चढण चढून जातं, यात मला नंदीपेक्षा जास्त भक्ती दिसते.

क्लॅरेन्स बिकनेल नावाचा एक इंग्रज पाद्री होता, बोर्दिगेराला राहणारा, फुलांचा वेडा. तो १८८१ साली पहिल्यांदा तिथे गेला, आणि पुढे उन्हाळ्यामागून उन्हाळे तो कागद लावून, घासून, हजारो आकृत्यांचे ठसे घेत राहिला. १९१८ मध्ये मेला तोही त्याच डोंगराजवळच्या आपल्या घरी. त्याचं मला आवडलं ते हे, की आधी ठसे घेतले. मोजणी आधी, दावा नंतर. १९६७ पासून फ्रेंच अभ्यासकांनी तेच काम नव्या पद्धतीने केलं. फ्रेंच, कारण बेगोचा परिसर १९४७ च्या तहाने इटलीतून फ्रान्समध्ये गेला. डोंगर जागचा हलला नाही, देश बदलला. खडकावर आपलं नाव खरवडणारे पर्यटक तिथेही झाले, म्हणून आता मुख्य भागात वाट सोडून जायचं तर वाटाड्या बरोबर लागतो.

तुम्ही म्हणाल, मग आपला त्यांचा काहीच संबंध नाही का? आहे, आणि तो तुमच्या मजकुरातल्यापेक्षा खोल आहे. १८२७ साली त्सिन्यागोला एक लोहयुगीन शिळा सापडली. या जातीची लोकांना कळलेली ती पहिली. तिच्यावर एत्रुस्कन अक्षरांत एक शब्द आहे : 'मेझुनेमुनियुस'. बहुधा व्यक्तीचं नाव. काही अभ्यासक त्याचे दोन भाग पाडतात. पहिला 'मध्य' या अर्थाचा आणि दुसरा केल्टिक भाषांतल्या पवित्र राईच्या शब्दाशी नातं सांगणारा. राईच्या मध्यभागचा कोणीतरी. हे वाचन बरोबर असेल तर त्यातला पहिला तुकडा, लॅटिनमधला 'मेदियुस' आणि आपला संस्कृत 'मध्य' ही एकाच घरातली भावंडं आहेत. यातलं कोणी कोणाचं पोर नाही. एका मूळ भाषेच्या वाटण्या झाल्या आणि एक वाटा इकडे आला, एक तिकडे गेला. चुलतभावाच्या शेतात आपलं नाव लागत नाही, पण लग्नाला बोलावणं येतं.

आणि हो, तिकडेही तुमच्यासारखे आहेत. लेरिचीच्या वरच्या काप्रियोने डोंगरावर सान लोरेन्झो इथे चार मोठ्या दगडांची एक रचना आहे. उन्हाळ्यातल्या सर्वात मोठ्या दिवसांत मावळतीचा उजेड तिच्या फटीतून येतो आणि दगडावर फुलपाखरासारखा आकार पडतो. लोक जमतात, फोटो काढतात, प्राचीन लोकांचं गूढ ज्ञान वगैरे लिहितात. उजेड पडतो हे खरं. तो पडावा म्हणूनच कोणी दगड रचले, हे अजून सिद्ध व्हायचंय. मुलीच्या घरमालकीण बाईंनी मला त्या फुलपाखराचा व्हिडिओ पाठवला, खाली हात जोडलेल्या इमोजी नव्हत्या, तीन सूर्य होते.

तेव्हा विनंती एवढीच. तो मजकूर ज्या ज्या ग्रुपवर टाकलात तिथे त्याखाली मोठा फोटो टाका, हात आणि खंजीर दिसेल असा. कोणी विचारलं तर आपुआनींची विनवणी सांगा, ती कोणालाही कळते. आणि दगडांचं वेड लागलंच असेल तर ते वाया घालवू नका. नागपूरजवळ जुनापाणीला महापाषाणकालीन शिलावर्तुळं आहेत, रत्नागिरी जिल्ह्यातल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत ती गेली. कशेळीच्या सड्यावर एवढा मोठा हत्ती कोरलाय, की त्याच्या पोटात इतर प्राण्यांची जत्रा भरलीय. जाऊन मोजा. खरंच मोजा, टेप घेऊन, कडेला आणखी काय आहे ते कागदावर काढा. चिऱ्याच्या खाणी कुठपर्यंत आल्यात तेही लिहा.

दादा, तुमचा पासपोर्ट अजून दोन वर्षं चालतो, मी वहिनींना विचारून घेतलंय. मुलगी पुढच्या वर्षीही पार्माला आहे. गुडघ्यांची सबब सांगू नका, पियान्यारोच्या किल्ल्यावर जायला लिफ्ट आहे.

तुमचा,
एक निवृत्त मोजणीवाला